मिठाचें मोल : एका श्वासरोगावरील दोन उपचारांचा इतिहास

युरोपांतील जुन्या लोकसमजुतींपैकीं एक अशी होती कीं, ज्या मुलाच्या कपाळाचें चुंबन घेतलें असतां ओठांना खारट चव लागते तें मूल फार दिवस जगत नाहीं. असें मूल चेटकानें झपाटलेलें असतें असेंही लोक मानीत. या समजुतींतील चेटकाचा भाग अर्थातच खोटा होता. परंतु खारटपणाचा आणि अल्पायुष्याचा संबंध मात्र खरा होता. तो वैद्यकशास्त्राच्या ध्यानीं येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. पुढें आणखी चाळीसएक वर्षांनीं, ज्या मिठानें या रोगाची ओळख पटविली तेंच मीठ पाण्यांत विरघळवून श्वासावाटे आंत घ्यावें असा उपचार निघाला. त्याच सुमारास त्याच रोगावर श्वासावाटेच घ्यावयाचें एक फार महाग औषधही बाजारांत आलें. स्वस्त मीठ घ्यावें कीं महाग औषध घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां वाण्याच्या दुकानांतील हिशेबासारखा सोपा वाटतो. प्रत्यक्षांत तो सोडवितांना डॉक्टरांना, अर्थशास्त्रज्ञांना आणि रोगी मुलांच्या आईबापांना पुष्कळ गोष्टी नव्यानें शिकाव्या लागल्या.

या रोगाचें नांव सिस्टिक फायब्रोसिस. १९३८ सालीं न्यूयॉर्क येथील बेबीज हॉस्पिटलमधील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीनें त्याचें पहिलें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. अन्न अंगीं न लागल्यामुळें खंगून मेलेल्या कांहीं मुलांच्या देहांची तपासणी करतांना त्यांना असें आढळून आलें कीं, या मुलांच्या स्वादुपिंडांत तंतू माजून बारीक पोकळ्या झालेल्या आहेत आणि फुप्फुसांच्या नळ्या चिकट कफानें व पुवानें गच्च भरलेल्या आहेत. तोंपर्यंत अशा मुलांची गणना दुसऱ्याच एका पचनाच्या विकारांत होत असे. अँडरसनबाईंनीं हा विकार निराळा आहे हें दाखवून दिलें. त्या काळीं या रोगानें पछाडलेलीं बहुतेक मुलें शाळेंत जाण्याच्या वयापूर्वींच दगावत असत.

दहा वर्षांनीं, १९४८ च्या ऑगस्टांत, न्यूयॉर्क शहरांत उन्हाळ्याची मोठी लाट आली. उष्म्यानें मूर्च्छित झालेलीं जीं मुलें इस्पितळांत आणलीं गेलीं, त्यांत या रोगाच्या मुलांचा भरणा विलक्षण होता. याचें कारण शोधतांना डॉ. पॉल डी सांत आग्नेझे यांनीं १९५३ सालीं असें सिद्ध केलें कीं, या मुलांच्या घामांत मिठाचें प्रमाण निरोगी मुलांपेक्षां कितीतरी पट अधिक असतें. उन्हांत घाम आला कीं शरीरांतील मीठ झपाट्यानें निघून जाई आणि मूल कोसळे. कपाळाच्या खारट चवीचा उलगडा असा झाला. घामांतील मीठ मोजण्याची सोपी रीत १९५९ सालीं निघाली आणि रोग ओळखण्यासाठीं ती आजही वापरतात.

मिठाचा आणि फुप्फुसांतील कफाचा संबंध काय, हें समजण्यास आणखी काळ गेला. १९८९ सालीं टोरांटो व मिशिगन येथील संशोधकांना या रोगाचें मूळ असलेला दोष आनुवंशिक द्रव्यांत सांपडला. त्यावरून असें स्पष्ट झालें कीं, पेशींच्या पृष्ठभागावर क्षार आंतबाहेर नेणारें जें एक दार असतें तें या रोगांत नीट उघडत नाहीं. क्षार जिकडे जातो तिकडे त्यामागून पाणी जातें. दारच बंद असल्यामुळें श्वासनलिकांच्या आंतील पातळ पाण्याचा थर सुकतो, कफ घट्ट होतो आणि जागचा हलत नाहीं. अशा सांचलेल्या कफांत जंतू घर करतात. त्यांच्याशीं झुंजण्यास रक्तांतील श्वेत पेशी धांवून येतात आणि तेथेंच मरतात. मेलेल्या पेशींच्या केंद्रांतून डीएनए या द्रव्याचे लांबच लांब धागे बाहेर पडतात व आधींच घट्ट असलेला कफ त्या धाग्यांनीं अधिकच चिकट होतो. हें चक्र वर्षानुवर्षें चालून फुप्फुसें कायमचीं निकामी होतात.

यावरून उपचाराच्या दोन वाटा दिसतात. एक, ते धागे तोडून कफ पातळ करावा. दुसरी, सुकलेल्या नळ्यांत पाणी ओढून आणावें. महाग औषध पहिल्या वाटेनें निघालें आणि मीठ दुसऱ्या वाटेनें.

या दोहोंच्या आधींचा एक अनुभव येथें सांगितला पाहिजे, कारण तो पुढील साऱ्या सावधगिरीचें मूळ आहे. १९५० नंतरच्या काळांत अमेरिकेंत या मुलांना रात्रभर धुक्याच्या तंबूंत निजविण्याची पद्धति रूढ झाली. पलंगावर पारदर्शक कापडाचा तंबू उभारावयाचा, यंत्रानें त्यांत पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडावयाचे आणि मुलानें त्या दमट हवेंत रात्र काढावयाची. सकाळीं अंथरूण, पांघरूण आणि मुलाचे केस ओले चिंब झालेले असत. पाण्यानें कफ सैल होईल ही कल्पना मनाला इतकी पटण्यासारखी होती कीं, तिची परीक्षा घेण्याची निकड कोणास वाटली नाहीं. पुढें जेव्हां तंबूंत निजणाऱ्या आणि न निजणाऱ्या मुलांची तुलना झाली, तेव्हां दोघांत फरक आढळला नाहीं. तुषारांचें पाणी बहुतांशीं नाकाघशांतच अडकून राहत होतें. तंबू गेले, परंतु हजारों कुटुंबांनीं खर्च, श्रम आणि रात्रींची झोप व्यर्थ वेंचलेली होती. उपचार युक्तीला पटतो म्हणून तो गुणकारी असतोच असें नाहीं, हा धडा या रोगाच्या वैद्यांनीं त्यांतून घेतला.

धागे तोडण्याची कल्पनाही नवी नव्हती. पुवाला चिकटपणा आणण्यांत डीएनएचा मोठा वांटा असतो हें १९५० च्या सुमारास कळलेलें होतें आणि गुरांच्या स्वादुपिंडापासून काढलेलें एक एन्झाइम तें तोडूं शकतें हेंही ठाऊक होतें. १९५८ सालीं असें औषध अमेरिकेंत विक्रीसही आलें. परंतु जनावराच्या शरीरांतील परकें द्रव्य आणि त्यांत मिसळलेलीं इतर पाचक द्रव्यें यांमुळें कांहीं रोग्यांच्या श्वासनलिका एकाएकीं आवळूं लागल्या आणि तें औषध मागें पडलें. तीस वर्षांनंतर कॅलिफोर्नियांतील जेनेंटेक या कंपनींत काम करणारे डॉ. स्टीव्हन शाक यांनीं मनुष्याच्याच शरीरांतील त्या एन्झाइमचा आनुवंशिक आराखडा मिळविला आणि जिवंत पेशींकडून तें प्रयोगशाळेंत तयार करवून घेतलें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दाखविलेलें आहे कीं, परीक्षानळी उलटी केली तरी जो घट्ट कफ सांडत नव्हता तो या द्रव्याच्या स्पर्शानें पातळ होऊन वाहूं लागला.

या वेळीं परीक्षा घेण्यांत कसूर झाली नाहीं. ९६८ रोग्यांवर २४ आठवडे चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. दिवसांतून एकदां औषध घेणाऱ्यांत, दुखणें उचल खाऊन शिरेंतून जंतुनाशक औषध देण्याची पाळी येण्याचा धोका २८ टक्क्यांनीं कमी झाला. दोनदां घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांनीं. एका सेकंदांत जोरानें बाहेर टाकलेला श्वास मोजून फुप्फुसांची शक्ति ठरवितात. ती दोन्ही गटांत सुमारें सहा टक्क्यांनीं सुधारली. अमेरिकन सरकारनें १९९३ च्या डिसेंबरांतच औषधास परवानगी दिली होती. किंमत मात्र एका रोग्यास वर्षाला सुमारें दहा हजार डॉलर इतकी पडे. शिवाय तें आयुष्यभर घ्यावयाचें; थांबविलें कीं गुण ओसरतो.

ब्रिटनमध्यें आजाऱ्यांचा खर्च सरकारी आरोग्यसेवा करीत असल्यामुळें तेथें प्रश्न अधिक टोंचक झाला. एका मुलाच्या या एका औषधावर जो खर्च होई तो दुसऱ्या कोणत्या तरी आजाऱ्यांच्या उपचारांतून काढून द्यावा लागे. औषधाला गुण आहे हें सिद्ध झालें होतें. परंतु तो किती आहे, कोणाला आहे आणि तोच गुण कमी खर्चांत मिळेल काय, हें अजून कोणी तपासलेलें नव्हतें.

दरम्यान दुसऱ्या वाटेचा आरंभ ऑस्ट्रेलियांत झाला. सिडनीच्या परिसरांत समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळण्याची तरुणांना मोठी हौस. या रोगानें ग्रस्त असलेल्या तरुणांपैकीं जे नेमानें समुद्रावर जात त्यांचीं फुप्फुसें इतरांहून बरीं असतात, असें तेथील वैद्यांच्या पाहण्यांत आलें. समुद्राचे खारे तुषार श्वासावाटे आंत जात असल्यामुळें तर हें होत नसेल ना, अशी शंका निघाली. मिठाचें तीव्र पाणी नळ्यांच्या पृष्ठभागावर पडलें कीं तें आजूबाजूच्या पेशींतून पाणी ओढून घेतें, हा तर्क शास्त्राला धरून होता. १९९६ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनीं असें पाणी तुषारयंत्रांतून थोडे आठवडे देऊन पाहिलें आणि श्वास सुधारतो असें त्यांना आढळलें. हें पाणी शेंकडा सात भाग मिठाचें, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट खारट असतें. त्यानें खोकल्याची उबळ येते आणि कधीं कधीं छाती आवळते. म्हणून आधीं श्वासनलिका सैल करणारें औषध द्यावें लागतें. पण मिठावर कोणाचें पेटंट नसतें आणि त्याची किंमत नगण्यच म्हणावयाची.

आतां दोन्ही उपचार समोरासमोर ठेवून पाहणें भाग होतें. हें काम लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट आणि रॉयल ब्रॉम्प्टन या दोन इस्पितळांतील डॉक्टरांनीं केलें व त्याचा निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ४८ मुलें निवडलीं आणि प्रत्येक मुलाला पाळीपाळीनें तीन उपचार बारा बारा आठवडे दिले : औषध रोज, औषध एक दिवसाआड, आणि मिठाचें पाणी दिवसांतून दोनदां. अशा रचनेंत प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशींच होते, हा तिचा मोठा लाभ. रोजच्या औषधानें फुप्फुसांची शक्ति सरासरी १६ टक्क्यांनीं वाढली, एक दिवसाआडच्या औषधानें १४ टक्क्यांनीं आणि मिठाच्या पाण्यानें अवघी ३ टक्क्यांनीं.

या आंकड्यांचा एक अर्थ सरळ आहे : मीठ स्वस्त खरें, पण या कसोटीला तें उतरलें नाहीं. दुसरा अर्थ अधिक विचार करण्यासारखा आहे. औषध निम्म्यानें कमी केलें तरी गुण जवळजवळ तितकाच राहिला. बचत केवळ महाग वस्तूच्या जागीं स्वस्त वस्तु आणूनच होते असें नव्हे. महाग वस्तु किती लागते हें नीट मोजल्यानेंही होते. औषध विकणाऱ्यास हा प्रश्न विचारण्याची गरज सहसा भासत नाहीं.

याच चाचणीबरोबर खर्चाचा हिशेबही ठेवलेला होता आणि तो केवळ औषधाच्या किंमतीचा नव्हता. इस्पितळांतील मुक्काम, इतर औषधें, डॉक्टरांच्या भेटी असें सर्व धरून पाहतां, रोजच्या औषधाचा बारा आठवड्यांचा खर्च मिठापेक्षां एका मुलामागें सुमारें १४०० पौंडांनीं अधिक आला. श्वासाच्या मापांतील तेरा टक्क्यांच्या वाढीस हा खर्च, म्हणजे प्रत्येक टक्क्यामागें शंभरावर थोडे पौंड. एक दिवसाआड औषध दिल्यास रोजच्यापेक्षां सरासरी ५०० पौंड वांचत. परंतु मुलामुलांत फरक एवढा होता कीं, ही बचत दर खेपेस होईलच असें ठामपणें म्हणतां येत नव्हतें. श्वासाचा एक टक्का शंभर पौंडांना महाग कीं स्वस्त, याचें उत्तर तर कोणत्याच कोष्टकांत नव्हतें. तें ठरविण्याचें काम समाजाचें होतें. हिशेबानें निवड कशाकशांत आहे तेवढें उघड करून दाखविलें.

मिठाची बाजू येथेंच निकालांत निघाली असती. परंतु सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड इस्पितळांतील डॉ. पीटर बाय आणि मार्क एल्किन्स यांनीं प्रश्न निराळ्या तऱ्हेनें विचारला. त्यांनीं ऑस्ट्रेलियांतील १६४ रोग्यांना ४८ आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्षभर, दिवसांतून दोनदां पाणी दिलें. निम्म्यांना शेंकडा सात मिठाचें आणि निम्म्यांना शरीरांतील क्षाराइतकेंच सौम्य. चवीवरून कोणास कोणतें पाणी मिळालें हें ओळखूं येऊं नये म्हणून दोहोंत कडू क्विनाइन मिसळलें. २००६ सालीं आलेला निष्कर्ष मोठा बोधप्रद आहे. श्वासाच्या शक्तींत वर्षभरांत जो बदल होत जातो त्याच्या वेगांत दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं, आणि मिठाच्या गटाची एकूण शक्ति किंचितच अधिक राहिली. पण दुखणें उचल खाण्याचे प्रसंग मिठाच्या गटांत ५६ टक्क्यांनीं कमी झाले. वर्षभर एकदांही उचल न खाल्लेले रोगी मिठाच्या गटांत शेंकडा ७६ होते आणि दुसऱ्या गटांत ६२.

लंडनच्या आणि सिडनीच्या निष्कर्षांत विरोध आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण तसा तो नाहीं. लंडननें तीन महिन्यांतील श्वासाची शक्ति मोजली. सिडनीनें वर्षभरांतील आजारपण मोजलें. लंडननें मिठाची तुलना औषधाशीं केली; सिडनीनें जवळजवळ साध्या पाण्याशीं. मिठानें फुप्फुसांची शक्ति फारशी वाढविली नाहीं, पण मुलाला इस्पितळाच्या खाटेपासून दूर ठेवलें. आईबापांना विचारलें असतें, तर यांपैकीं कोणतें माप मोलाचें, याचें उत्तर त्यांनीं बहुधा तत्काळ दिलें असतें. उपचारांची तुलना करतांना आधीं काय मोजावयाचें तें ठरविलें पाहिजे, आणि तें ठरविण्यांत रोग्याचा वांटा असला पाहिजे, ही गोष्ट या दोन चाचण्यांच्या शेजारणीनें जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच कोठें झाली असेल.

मिठाच्या खर्चाचीही एक बाजू किंमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाहीं. सकाळीं एकदां आणि संध्याकाळीं एकदां, आधीं श्वासनलिका सैल करणारें औषध, मग तुषारयंत्रापुढें पंधरावीस मिनिटें बसणें, मग छातीवर थापट्या देऊन कफ काढणें, मग यंत्राचे भाग धुऊन निर्जंतुक करणें. हें रोज, सुट्टीच्या दिवशींही आणि परीक्षेच्या सकाळींही. शाळेंत जाणारें मूल आणि त्याची आई यांच्या या वेळाची किंमत हिशेबाच्या वह्यांत क्वचितच येते. महाग औषध दिवसांतून एकदां पुरतें. स्वस्त मिठाला वेळ अधिक लागतो. कांहीं कुटुंबांनीं मीठ मध्येंच सोडून दिलें याचें कारण त्याला गुण नाहीं असें नसून, दिवसाला तास कमी पडतात, हें होतें.

या सगळ्याचा समन्वय ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक मंडळानें २०१७ सालीं केला. कफ पातळ करण्यासाठीं प्रथम एन्झाइमचें औषध द्यावें. त्यानें पुरेसा गुण न आल्यास त्याच्या जोडीला मिठाचें पाणी द्यावें किंवा नुसतें मिठाचें पाणी देऊन पाहावें, असा त्यांचा सल्ला होता. दोघे प्रतिस्पर्धी म्हणून मैदानांत उतरले आणि अखेरीस एकमेकांचे सोबती झाले. एक धागे तोडतो, दुसरा पाणी आणतो. दोन्हीं कामें निराळीं असल्यामुळें तसें होणें स्वाभाविकच होतें.

दोनच वर्षांनीं सारा पटच बदलला. २०१९ सालीं अमेरिकेंत तीन द्रव्यांचें एक गोळीरूप औषध आलें. तें पेशींवरील बंद दारच दुरुस्त करून उघडतें. रोग्यांची प्रकृति झपाट्यानें सुधारूं लागली; फुप्फुसें बदलण्याची वाट पाहत बसलेले कित्येक तरुण कामाधंद्यास लागले. त्या औषधाची आरंभींची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक होती. एन्झाइमच्या दहा हजार डॉलरांवरून एके काळीं झालेले वाद त्यापुढें लहान वाटावे, असा हा आंकडा.

मग जुने उपचार चालू ठेवावे कीं सोडावे? हा प्रश्नही अनुमानावर न सोडतां अमेरिकेंत तपासला गेला. नव्या गोळ्या घेणाऱ्या आणि फुप्फुसें बऱ्या स्थितींत असलेल्या रोग्यांपैकीं कांहींनीं सहा आठवडे मिठाचें पाणी थांबविलें, कांहींनीं एन्झाइम थांबविलें, आणि इतरांनीं तें चालू ठेवलें. २०२२ च्या अखेरीस आलेला निष्कर्ष असा कीं, थांबविणाऱ्यांच्या श्वासांत लक्षांत घेण्याजोगी घट झाली नाहीं. धुक्याच्या तंबूंच्या वेळीं जें फार उशिरां झालें, तें या वेळीं वेळेवर झालें. सहा आठवडे हा काळ थोडा आहे आणि ज्यांचीं फुप्फुसें आधींच फार बिघडलेलीं आहेत त्यांना हा निष्कर्ष लावतां येत नाहीं, हें चाचणी करणाऱ्यांनाही मान्य होतें.

शिवाय दर दहांत सुमारें एका रोग्याच्या शरीरांतील दोष असा असतो कीं, नव्या गोळ्यांचा त्यास उपयोग होत नाहीं. आणि पैशाच्या अभावीं त्या ज्यांच्या हातीं पडत नाहींत अशांची संख्या जगांत त्याहून मोठी आहे. भारतांत हा रोग नाहींच, असा समज दीर्घकाळ होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील बालरोगतज्ज्ञांनीं भारतीय मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करून तो दूर केला. तरीही कित्येक मुलांचा रोग क्षय किंवा न्युमोनिया समजून बराच काळ अंधारांत राहतो. ज्या घरीं तो वेळेवर ओळखला जातो, तेथें नव्या गोळ्यांची किंमत ऐकून पुढील बोलणें सहसा खुंटतें. अशा घरांत सकाळसंध्याकाळ तुषारयंत्र लागतें, आणि मिठाच्या पाण्याची लहानशी कुपी फोडून मूल श्वास घेऊं लागतें.